एकवीस नंबरचा रोबेर्तो

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात नदीकाठी बेसबॉलचे एक देखणे मैदान आहे. फलंदाजाच्या उजव्या हाताला, दूर सीमेवर, तिथे एक भिंत आहे. तिची उंची आहे २१ फूट. वीस नाही आणि बावीसही नाही. २००१ साली हे मैदान खुले झाले तेव्हा ही उंची मुद्दाम ठरवण्यात आली, कारण त्या भिंतीपुढच्या जागेवर अठरा वर्षे उभा राहिलेला जो माणूस या शहराच्या मनात घर करून बसला आहे, त्याच्या पाठीवर २१ हा आकडा असे. गंमत म्हणजे या मैदानावर तो एकदाही खेळला नाही. मैदान बांधून झाले तेव्हा त्याला जाऊन २८ वर्षे उलटली होती.

त्या माणसाचे नाव रोबेर्तो क्लेमेंते. क्रिकेटवेड्या आपल्या घरांत हे नाव फारसे कुणाच्या कानावर गेलेले नाही. पण कॅरिबियन बेटांत, मध्य अमेरिकेत आणि अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या वस्त्यांत अजूनही असंख्य घरांच्या भिंतींवर त्याची तसबीर दिसते. खेळाडूंची चित्रे मुलांच्या खोलीत लागतात आणि मुले मोठी झाली की उतरतात. याची तसबीर बैठकीच्या खोलीत लागली आणि तिथेच राहिली.

१८ ऑगस्ट १९३४ रोजी प्युर्टो रिको बेटावरच्या कारोलिना या गावातल्या सान अंतोन वस्तीत त्याचा जन्म झाला. सात भावंडांतला तो सर्वांत धाकटा. वडील मेल्चोर क्लेमेंते उसाच्या मळ्यावर मुकादम होते. आई लुईसा वॉकर घर सांभाळून धुणी धुवायची आणि मळ्यावरच्या मजुरांना किराणा विकायची. घरात सुबत्ता नव्हती, पण उपासमारही नव्हती. कष्टाला मात्र सुट्टी नव्हती. सायकल हवी असेल तर पैसे स्वतः मिळव, असे वडिलांनी सांगितले. मग शेजाऱ्याकडे रोज सकाळी दुधाची किटली पोचवून, एकेक सेंट साठवत, तीन वर्षांनी या पोराने जुनी सायकल घेतली. ही गोष्ट त्याच्या गावात आजही मुलांना सांगतात.

पेरूच्या फांदीची बॅट, कॉफीच्या पोत्याचा ग्लोव्ह आणि चिंध्या गुंडाळून केलेला चेंडू. खेळ सुरू झाला तो असा. शाळेत तो भालाफेकीत चमकला. पुढे साऱ्या अमेरिकेने ज्या खांद्याचे कौतुक केले, त्याची मशागत या भालाफेकीत झाली होती. रोबेर्तो मारीन नावाच्या शिक्षकाने त्याला हेरले आणि एका तांदूळ कंपनीच्या सॉफ्टबॉल संघात घेतले. अठराव्या वर्षी तो सान्तुर्से या बेटावरच्या नामांकित व्यावसायिक संघात होता.

इथे प्युर्टो रिकोविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. पण बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेचा अध्यक्ष निवडण्यासाठी मत देता येत नाही. भाषा स्पॅनिश, रंग गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळे. म्हणजे घरचे म्हणावे तर घरचे नाहीत आणि परके म्हणावे तर परकेही नाहीत. त्यात रोबेर्तो काळा. त्याच्या बेटावर वर्णद्वेष अगदीच नव्हता असे नाही, पण अमुक खाणावळीत काळ्यांना मज्जाव, अशा पाट्या त्याने लहानपणी पाहिल्या नव्हत्या. त्या त्याने अमेरिकेत पाहिल्या.

१९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बड्या संघाने १० हजार डॉलरचा बोनस देऊन त्याला करारबद्ध केले. दुसऱ्या एका संघाने याहून कितीतरी जास्त रक्कम देऊ केली होती, पण डॉजर्सला शब्द दिला होता आणि दिलेला शब्द मोडायचा नाही असे आईने बजावले, म्हणून त्याने ती नाकारली असे सांगतात. डॉजर्सने त्याला माँट्रियलच्या दुय्यम संघात पाठवले आणि फारसे खेळवलेच नाही. इतका बोनस दिलेला खेळाडू मुख्य संघात ठेवला नाही, तर वर्षअखेरीस दुसरा संघ त्याला उचलू शके, असा तेव्हा नियम होता. तसेच झाले. त्या वर्षी तळाला गेलेल्या पिट्सबर्ग पायरेट्सने नोव्हेंबरमध्ये त्याला अवघ्या चार हजार डॉलरला उचलले. पायरेट्सचा कारभार तेव्हा ब्रँच रिकी यांच्याकडे होता. जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला १९४७ मध्ये मोठ्या लीगमध्ये उतरवून वर्णभेदाची भिंत पाडणारे रिकी ते हेच.

त्याच हिवाळ्यात बेटावर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने रोबेर्तोच्या गाडीला धडक दिली. मणक्याला मार बसला आणि पाठीचे दुखणे जन्माचे सोबती झाले. बॅट हातात घेऊन उभे राहण्यापूर्वी तो मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे अशी वळवायचा. पिट्सबर्गची पोरे गल्लीत त्याची हुबेहूब नक्कल करत. ती लकब वाटे. खरे तर तो मणक्याचा ठणका होता.

१७ एप्रिल १९५५ रोजी तो पायरेट्सकडून पहिला सामना खेळला. सुरुवातीला त्याच्या पाठीवर १३ आकडा होता. २१ लवकरच आला, आणि त्यामागची एक कथा त्याचे चाहते हमखास सांगतात. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे त्याचे पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे आडनाव आणि शेवटी आईचे. सिनेमाच्या तिकिटावर त्याने हे नाव लिहून अक्षरे मोजली म्हणतात. सात, आठ आणि सहा. बेरीज एकवीस. वडिलांचे नाव, आईचे नाव आणि आपले नाव, सगळे पाठीवर घेऊन हा मुलगा मैदानात उतरत होता.

आणि अमेरिकेने नेमके ते नावच बदलले. वर्तमानपत्रांनी त्याला बॉब केले, समालोचकांनी बॉबी केले. मुले जमवतात त्या खेळाडूंच्या रंगीत कार्डांवर साठच्या दशकात वर्षानुवर्षे बॉब क्लेमेंते असे छापले जाई. आपले नाव रोबेर्तो आहे, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याचे इंग्रजी नवीन होते. पत्रकार त्याची वाक्ये जशीच्या तशी, उच्चारातल्या चुकांसकट, ऱ्हस्व-दीर्घाची वाट लावून छापत. १९६१ च्या ऑल-स्टार सामन्यात विजयी धाव त्याच्या फटक्यावर निघाली, पण दुसऱ्या दिवशी वाचकांपुढे गेले ते हसू येईल असे मोडके इंग्रजी. दुखापतीविषयी बोलला की तो रडका, आजाराची सोंगे करणारा ठरे. गोरा खेळाडू जखमी होऊन खेळला की तो शूर असे.

फ्लोरिडात हंगामापूर्वीचा सराव असे. तिथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरत आणि काळे खेळाडू गावाच्या काळ्या वस्तीत कुणाच्या तरी घरी. प्रवासात बस खाणावळीपाशी थांबली की गोरे आत जाऊन जेवत. काळ्यांनी बसमध्ये बसून राहायचे आणि कुणी काही बाहेर आणून देईल त्याची वाट पाहायची. रोबेर्तोने असे अन्न घ्यायचे नाकारले. पुढे त्याने व्यवस्थापनाकडे आग्रह धरला, तेव्हा काळ्या खेळाडूंसाठी वेगळी मोटार आली. अपमान संपला नाही, पण निदान हात पसरायचे थांबले.

त्याच्या खेळाविषयी सांगायचे तर क्रिकेटची सवय असलेल्या आपल्याला थोडी फोड करावी लागेल. बेसबॉलमध्ये फलंदाज चेंडू मारून सुखरूप पुढच्या ठाण्यावर पोचला की त्याची एक ‘हिट’ धरतात. दहा प्रयत्नांत तीन वेळा ज्याला हे जमते, तो उत्तम फलंदाज. रोबेर्तोला अठरा वर्षे हे हजारात ३१७ वेळा जमले. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ अशी चार वर्षे तो त्याच्या लीगमधला सरासरीने पहिला फलंदाज होता. १९६६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ त्याने १९६१ पासून सलग बारा वर्षे घेतला.

पण ज्यांनी त्याला पाहिले ते लोक आकडे सांगत नाहीत. ते सांगतात त्याच्या फेकीबद्दल. उजव्या कोपऱ्यातल्या भिंतीपाशी चेंडू घरंगळत गेला आहे, समोरच्या संघाचा धावणारा तिसऱ्या ठाण्याकडे निघाला आहे, आणि हा गर्रकन वळून, पुरते सावरायच्या आत, चेंडू सरळ रेषेत फेकतो. सीमारेषेवरून थेट यष्टीवर, तीही टप्पा न पडता, अशी फेक डोळ्यांपुढे आणा. पुढे पुढे तर धावणारे त्याच्या दिशेला चेंडू गेला की जागचे हलतच नसत. तरीही त्याने कारकिर्दीत अडीचशेहून अधिक जणांना बाद करायला हातभार लावला. तो धावायचा तोही असा, की डोक्यावरचे हेल्मेट उडून पडायचे आणि हातपाय चार दिशांना चालले आहेत असे वाटायचे.

२५ जुलै १९५६ चा एक किस्सा तर जुन्या पिट्सबर्गकरांच्या घरोघरी पोचला आहे. शिकागोच्या संघाविरुद्ध सामना शेवटच्या डावात, पायरेट्स तीन धावांनी मागे, तिन्ही ठाण्यांवर आपले गडी. रोबेर्तोने चेंडू दूर कोपऱ्यात मारला. तिघे धावून आले आणि बरोबरी झाली. तिसऱ्या ठाण्याजवळ उभ्या असलेल्या व्यवस्थापकाने दोन्ही हात वर करून त्याला थांबायला सांगितले. पुढचा फलंदाज विजयी धाव काढेलच, उगाच धोका कशाला, हा शहाणपणाचा हिशेब. बावीस वर्षांचेही वय न झालेला रोबेर्तो त्याच्या शेजारून वाऱ्यासारखा पुढे गेला, घसरत घरच्या ठाण्यावर पोचला आणि सामना ९-८ असा जिंकला. चेंडू मैदानाबाहेर न जाता, चार धावा एकाच फटक्यावर आणि त्याच फटक्यावर सामना संपलेला, असे मोठ्या लीगच्या इतिहासात नोंदले गेलेले हे एकच उदाहरण. थांबवणाऱ्याचे न ऐकता धावत सुटणे हा त्याचा स्वभावच होता.

१९६० मध्ये पायरेट्सने न्यूयॉर्क यांकीज या बलाढ्य संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये सात सामन्यांच्या झुंजीत हरवले. शेवटच्या सामन्यात शेवटच्या क्षणी बिल मॅझरॉस्कीने मारलेला होमरन अमेरिकेत अजून सांगितला जातो. रोबेर्तोने सातही सामन्यांत हिट मारली होती. पण वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी पत्रकारांनी मते दिली तेव्हा तो आठवा आला. पहिला त्याच्याच संघातला डिक ग्रोट. रोबेर्तोला हे फार लागले. विजेतेपदाची अंगठी त्याने बोटात घालायचे टाळले म्हणतात.

त्याला देवत्व देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. माणूस तापट होता. मानापमान मनात धरून ठेवायचा. १९६३ मध्ये पंचाच्या अंगावर धावून गेल्याबद्दल त्याला पाच दिवस बाहेर बसावे लागले. आपल्याला योग्य श्रेय मिळत नाही हे तो उघड बोलायचा, आणि असे बोलणारा माणूस पत्रकारांना आवडत नाही. पण मला वाटते, हा त्याचा अहंकार केवळ स्वतःपुरता नव्हता. आपण जे सोसतो ते आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक स्पॅनिश बोलणाऱ्या पोराला सोसावे लागणार, हे त्याला दिसत होते. एप्रिल १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. रोबेर्तो त्यांना मानत असे. ते त्याच्या प्युर्टो रिकोतल्या शेतावरही येऊन गेले होते. अंत्यसंस्कार होईपर्यंत आम्ही खेळणार नाही, अशी भूमिका पायरेट्सच्या खेळाडूंनी घेतली. त्यात पुढाकार रोबेर्तोचा आणि त्याच्या काळ्या सहकाऱ्यांचा होता. सलामीचे सामने पुढे ढकलले गेले.

वर्तमानपत्रांनी उशीर लावला तरी स्टँडमधल्या माणसांनी त्याला केव्हाच आपले मानले होते. पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. भट्टीवर राबून आलेल्या माणसाला अंग झोकून काम करणारा ओळखू येतो. सामना संपल्यावर तो पोरांच्या गराड्यात सह्या देत उभा राही. चाहत्यांची पत्रे तो शहरांप्रमाणे वेगळी करून ठेवी, आणि संघ त्या त्या शहरात गेला की पत्र पाठवणाऱ्या आजारी मुलांना भेटायला गुपचूप इस्पितळात जाई. बरोबर छायाचित्रकार नसे.

त्याच्या लग्नाची गोष्ट आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आवडेल. १९६४ च्या सुरुवातीला कारोलिनातल्या औषधांच्या दुकानात त्याने वेरा झाबाला या मुलीला पाहिले. ती बँकेत नोकरी करणारी, घरचे वळण कडक. एवढा मोठा खेळाडू, पण वेराच्या वडिलांपुढे त्याला उमेदवारासारखे बसावे लागले, आणि दोघांना भेटायचे तर घरचे कुणीतरी सोबत असे. १४ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांचे लग्न झाले तेव्हा गावातल्या चौकात हजारो लोक लोटले होते. त्यांना तीन मुलगे झाले. तिघांचाही जन्म प्युर्टो रिकोतच व्हावा असा रोबेर्तोचा हट्ट होता. तो त्याने पुरवला.

२४ जुलै १९७० रोजी पिट्सबर्गने ‘रोबेर्तो क्लेमेंते रात्र’ साजरी केली. बेटावरून विमाने भरून लोक आले. तीन लाख सह्यांचा एक लांबलचक कागद गुंडाळी करून त्याला देण्यात आला. म्हातारे आईवडील मैदानात होते. भेटवस्तूंऐवजी जो निधी जमला तो त्याच्या इच्छेप्रमाणे शहरातल्या मुलांच्या इस्पितळाला गेला. गरीब रुग्णांचे बिल भागावे म्हणून.

पुढच्या वर्षी त्याने सगळे हिशेब चुकते केले. १ सप्टेंबर १९७१ रोजी पायरेट्सने मोठ्या लीगच्या इतिहासात प्रथमच असा संघ उतरवला ज्यात सुरुवातीचे नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन होते. उजव्या कोपऱ्यात अर्थात रोबेर्तो. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सशी गाठ पडली. पहिले दोन सामने पायरेट्स हरले. सदतीस वर्षांच्या, पाठ धरलेल्या या माणसाने मग सारी मालिका खांद्यावर घेतली. सातही सामन्यांत हिट, सरासरी हजारात ४१४, आणि शेवटचा सामना २-१ असा जिंकला त्यातली एक धाव त्याच्या होमरनची. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. देशभर थेट प्रक्षेपण चालले होते, माइक त्याच्यापुढे आला, आणि इंग्रजीत काही बोलण्याआधी त्याने परवानगी मागून स्पॅनिशमध्ये आपल्या आईवडिलांना आशीर्वाद मागितला. त्या क्षणी अमेरिकेतल्या किती स्वयंपाकघरांत, किती चाळवजा इमारतींत माणसे रडली असतील! त्यांची भाषा त्या टीव्हीवर प्रथमच एखाद्या विजेत्याच्या तोंडून आली होती.

३० सप्टेंबर १९७२ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर त्याने तीन हजारावी हिट मारली. असे करणारा तो अकरावा. मैदानात जेमतेम १३ हजार प्रेक्षक होते. दुसऱ्या ठाण्यावर उभे राहून त्याने हेल्मेट उंचावले. नियमित हंगामातली ती त्याची शेवटची हिट. आकडा बरोबर तीन हजारवर थांबला.

हंगाम संपल्यावर नोव्हेंबरमध्ये प्युर्टो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तो निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे जागतिक स्पर्धेसाठी गेला. तीनएक आठवडे राहिला. तिथली गरिबी पाहून त्याला आपल्या लहानपणीचे बेट आठवे. रस्त्यात भेटणाऱ्या गरिबांना देण्यासाठी तो खिशात सुटी नाणी घेऊन बाहेर पडे, असे बरोबरचे सांगत. दोन्ही पाय गमावलेला एक मुलगा त्याला तिथे भेटला. त्याच्या कृत्रिम पायांची व्यवस्था त्याने केली.

तो घरी परतला आणि तीन आठवड्यांच्या आत, २३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, मानाग्वा भूकंपाने जमीनदोस्त झाले. मृतांचे अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत जातात. अडीच लाखांवर माणसे बेघर झाली. ज्या रस्त्यांवरून तो नुकताच फिरला होता ते रस्ते उरले नव्हते. रोबेर्तोने मदत समितीचे काम अंगावर घेतले. नाताळ घरी नाहीच. सान हुआनच्या बेसबॉल मैदानाच्या आवारात तो दिवसरात्र उभा राहून औषधे, कपडे, धान्याची खोकी मोजून घेत होता. विमाने गेली, एक जहाजही भरले.

मग तिकडून बातम्या येऊ लागल्या. निकाराग्वावर तेव्हा सोमोसा घराण्याची हुकूमशाही होती. विमानतळावर उतरलेली मदत त्यांचे सैनिक ताब्यात घेतात, ती लोकांपर्यंत पोचतच नाही, असे समजले. लोकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून दिलेले हे सामान आहे, मी स्वतः बरोबर गेलो तर कुणाची हात लावायची हिंमत होणार नाही, हा त्याचा विचार. तो चुकीचा होता असे म्हणता येत नाही. त्या देशातला शिपाईसुद्धा त्याला ओळखत होता.

चूक झाली ती विमानाच्या बाबतीत. मदतीसाठी आणखी विमान हवे होते, आणि जे चटकन मिळाले ते चार इंजिनांचे जुने डीसी-७ मालवाहू विमान घेतले गेले. याच विमानाला २ डिसेंबरला धावपट्टीलगत अपघात होऊन इजा झाली होती. त्यात भरलेले सामान परवानगीपेक्षा सुमारे १९०० किलोंनी जास्त होते, हे पुढे चौकशीत निघाले. त्या दिवशी कुणी विमान अडवले नाही. ते अडवण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणेवर होती की नाही, यावर कोर्टात वाद झाला. खालच्या कोर्टाने कुटुंबीयांच्या बाजूने दिलेला निकाल वरच्या कोर्टात फिरला. सात वर्षांचा थोरला मुलगा विमान पडणार म्हणून आजीला सांगत होता, अशी आठवण घरचे सांगत आले आहेत. वेरालाही काळजी वाटत होती. पण थांबवणाऱ्याच्या शेजारून धावत जाणारा तो माणूस!

३१ डिसेंबर १९७२. प्युर्टो रिकोत वर्ष सरतीची रात्र म्हणजे आपल्या दिवाळीसारखी. घरोघरी नातेवाईक जमलेले. रात्री साडेनऊच्या सुमारास विमान सान हुआनहून उडाले आणि काही क्षणांत, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, समुद्रात कोसळले. आत पाच जण होते. कुणीही वाचले नाही. बातमी पसरली तसे बेटावरचे संगीत घरोघरी बंद होत गेले.

पहाटे लोक पिन्योनेसच्या किनाऱ्यावर जमले आणि दिवसेंदिवस तिथून हलले नाहीत. पोहत तो किनाऱ्याला लागला असेल, एवढा धडधाकट माणूस, असे एकमेकांना सांगत राहिले. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीचे सोहळे रद्द झाले. पायरेट्सचा सारा संघ विमानाने श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला आला. एकच जण चर्चमध्ये नव्हता. त्याचा जिवलग दोस्त, पनामाचा मॅनी सँगियन. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात बुड्या मारून रोबेर्तोला शोधत होता. रोबेर्तोचा देह मिळाला नाही तो नाहीच.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव जायला निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते. त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून मार्च १९७३ मध्ये खास मतदान झाले. ४२४ पैकी ३९३ मते पडली. उरलेल्यांतल्या बहुतेकांचा आक्षेप त्याच्यावर नव्हता, नियम मोडण्यावर होता. ६ ऑगस्ट १९७३ रोजी वेराने त्याच्या वतीने हा मान स्वीकारला. तिथे पोचलेला तो पहिला लॅटिन अमेरिकन खेळाडू. समाजकार्यासाठी खेळाडूंना दिला जाणारा पुरस्कार त्याच वर्षापासून त्याच्या नावाने ओळखला जातो. पिट्सबर्गमध्ये त्याचा पुतळा आहे, मैदानाकडे नेणारा पूल त्याच्या नावाचा आहे, आणि जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत चाहत्यांनी जमवलेले संग्रहालय आहे.

सगळेच काही असे फुलले नाही. गरीब मुलांसाठी कारोलिनात क्रीडानगरी उभारायची हे त्याचे स्वप्न होते. सरकारने ३०४ एकर जमीन दिली, वेराने जन्मभर ती चालवण्यासाठी धडपड केली, आणि इव्हान रॉड्रिगेझ, बर्नी विल्यम्स यांच्यासारखे नामवंत तिथे खेळून गेले. पण पैशाचे पाठबळ आटत गेले. २०१७ च्या मारिया वादळाआधीच तिथे गवत माजले होते. वेरा १६ नोव्हेंबर २०१९ रोजी गेली. तिने पुन्हा लग्न केले नाही.

२१ हा आकडा जॅकी रॉबिन्सनच्या ४२ सारखा सगळ्याच संघांनी कायमचा राखून ठेवावा, अशी त्याच्या चाहत्यांची कितीतरी वर्षांची मागणी आहे. ती अजून मान्य झालेली नाही. मात्र १५ सप्टेंबर हा दिवस त्याच्या नावाने पाळला जातो आणि अलीकडे त्या दिवशी कुणाही खेळाडूला २१ घालून उतरता येते. प्युर्टो रिकोचे कितीतरी खेळाडू एरवी हा आकडा कधी मागतच नाहीत. तो आपला नव्हे, असे त्यांना वाटते.

राहिली एक गोष्ट. हॉल ऑफ फेममध्ये १९७३ साली जी ब्राँझची पाटी लावली, तिच्यावरही त्याचे नाव चुकलेच होते. अमेरिकन पद्धतीने आईचे आडनाव मध्ये घालून त्यांनी लिहिले होते, रोबेर्तो वॉकर क्लेमेंते. सत्तावीस वर्षे ती पाटी तशीच राहिली. २००० साली ती उतरवण्यात आली आणि नवी बसवली. तिच्यावर आता रोबेर्तो क्लेमेंते वॉकर असे आहे.